पाहाले

ट्रेनिंगसाठी नागपूरला गेले होते, तेव्हा आणलं.
ऐंशी रुपये, काळी पिशवी, वीतभर दांडी.
माळी म्हणाला, थंडीत पानं लाल होतात, मणी धरतात.
खायचे नाहीत. नुसते दिसतात.
एसटीत मांडीवर घेऊन बसले;
जामपर्यंत शेजारची बाई विचारत होती,
वांगं हाय का मिरची?

चिठ्ठीवर नाव होतं, इंग्रजी, लांबलचक.
पहिल्याच झडीत पुसलं गेलं.

पोस्ट म्हणजे माझ्याच घराची ओसरी:
टेबल, वजनकाटा, शिक्का, भिंतीला लाल पेटी.
पायरीच्या डाव्या हाताला खड्डा केला.
आमची काळी माती उन्हाळ्यात मनगट जाईल एवढी फाटते,
म्हणून खाली विटांचा चुरा, वाळू,
दोन टोपली शेणखत, इंदूबाई ढोबळेंच्या गोठ्यातलं.
शेळ्यांनी हुंगलं, सोडून दिलं.
शेळीनं सोडलेलं झाड
माणूसही फारसं विचारत नाही.

एकटे झिंगुजी लांजेवार विचारायचे.
महिन्यातून एकदा, निराधारचे पैसे घ्यायला आले की.
त्यांचा अंगठा मशीनवर उमटत नाही,
विळ्यानं आणि दोरानं रेषा घासून नेल्यात.
तीनदा पुसायचा, चारदा दाबायचा,
आणि मशीन गरगरत असताना
झुडपाकडे तोंड करून:
"याले खातात का?"
नाही.
"औषधी हाय?"
नाही.
"मंग देवाले वाहतेत?"
नाही, बाबाजी.
"मंग कायले?"
तेवढ्यात मशीन नकार द्यायचं,
आणि माझं उत्तर राहून जायचं.

दोन हिवाळे ते हिरवंच राहिलं.
मधल्या मे महिन्यात मी त्याच्यावर
टपालाचं जुनं पोतं टाकलं. सरकारी मालमत्ता, कबूल.
रांजणातलं तळाचं पाणी घातलं.
सासूबाई काही बोलल्या नाहीत,
फक्त रांजणावर झाकण जोरात ठेवलं.

इकडे लाल होतात ती शाळेमागच्या बदामाची पानं,
आणि लाल झाली की गळतात.
कुसुमाची लाल असतात, पण कोवळी, जन्मल्याबरोबर.
पळस तर आधी सगळं टाकून देतो, मग पेटतो.
पान अंगावर ठेवून, जून होऊन लाल होणं
इकडच्या मातीला माहीतच नसेल,
असं मी धरून चालले होते.

तिसऱ्या पुसात पारा सातावर आला.
तुरी करपू नयेत म्हणून लोक धुऱ्यावर कचरा जाळत होते.
सकाळी दार उघडलं, तर
कडा विटकरी.
चार दिवसांनी गाजरी.
संक्रांतीला अख्खं झुडूप
भिवापूरच्या मिरचीसारखं,
आणि आत, देठांत, मणी.
मोजले: सतरा.
बुलबुलानं चार नेले. शिल्लक तेरा.

त्या महिन्यात झिंगुजी पायरीशीच थांबले.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
सेवाग्रामची तारीख अजून मिळायची होती.
"बाई," ते म्हणाले, "इथं काई जयते का?"
आणि काठी काखेत धरून
दोन्ही तळवे झुडपाकडे केले,
शेकोटीला करतात तसे.

मी काही बोलले नाही. राहू दिले.

मशीननं त्या दिवशीही चारदा नाही म्हटलं.
पाचव्यांदा घेतलं. नोटा मोजून बंडीच्या आतल्या खिशात गेल्या.
मग म्हणाले, "त्यातलं एक देता?"
मी म्हटलं, नातीला खाऊ देऊ नका हं, विषारी असतं.
चुन्याची रिकामी डबी त्यांनी पुढे केली,
टिचकी मारून आतली पूड झटकली.
"खायाले नाई वो."
जरा थांबून, जणू मीच इतके महिने विचारत होते:
"पाहाले."

डबी लागल्याचा आवाज आला.
काठी टेकत ते हनुमानाच्या पाराकडे वळले.
मी पोस्टाच्या वहीत, शेवटच्या पानावर
तेरा खोडलं,
बारा लिहिलं.